वॉल्टरकाका डोर्नेनब्रिंक

डॅलसजवळच्या आमच्या अर्विंगमध्ये महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी वादळाचा भोंगा वाजवून बघतात. वादळ नसतं, भोंगा चालतो की नाही एवढंच बघायचं असतं. नवीन आलेली माणसं पहिल्यांदा दचकतात, मग त्यांना सवय होते. मलाही इतक्या वर्षांत व्हायला हरकत नव्हती. पण अजून भोंगा वाजला की माझा हात आपोआप डोक्याकडे जातो, हेल्मेट आहे की नाही ते चाचपायला. ही खोड मला शेजारच्या वॉल्टरकाकांनी लावली. ते जाऊन आता वर्ष होऊन गेलं, पण त्यांनी दिलेली भीती मी अजून जपून वापरतो.

वॉल्टरकाका उंच, थोडे वाकलेले, पँटला कायम गॅलिस आणि खिशात भर दुपारीही बॅटरी. आम्ही या घरात राहायला आलो त्या पहिल्याच शनिवारी त्यांनी दार वाजवलं. इथले शेजारी नव्या बिऱ्हाडाला केक नाहीतर कुकीज आणून देतात असं आम्ही ऐकलं होतं, म्हणून माझी बायको मंजिरी आशेने पुढे झाली. काकांच्या हातात सायकलची तीन हेल्मेट होती. दोन मोठी, एक छोटं.

"तुमच्या जिन्याखाली कपाटाची खोली आहे. वादळ आलं की तिथे बसायचं. डोक्यावर हे घालून. माणसं वाऱ्याने मरत नाहीत, वाऱ्याने उडालेल्या विटेने मरतात." एवढं सांगून ते आत आले. खुर्चीवर बसायच्या आधी तिच्या चारही पायांवर त्यांनी हाताने दाब देऊन पाहिला. मग बसले.

ते गेल्यावर मंजिरी म्हणाली, "यार, हा माणूस फुल्ल क्रॅक आहे." पण हेल्मेट तिने जिन्याखाली नेऊन ठेवली.

काकांनी आयुष्यभर लिफ्ट तपासण्याचं काम केलं होतं. डॅलसमधल्या मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टचे दोर, ब्रेक, कप्प्या बघायच्या आणि पास किंवा नापास ठरवायचं. आणि हा माणूस स्वतः लिफ्टमध्ये म्हणून पाऊल टाकायचा नाही. कामापुरतं वर उभं राहून बघायचं, दुरून बटणं दाबायची, पण दार लावून आत बसून प्रवास करायचा नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मी त्यांच्या आत पाहिलंय." गुडघे दुखत असताना त्यांना मी कितीतरी मजले चढताना पाहिलं आहे. वर पोचल्यावर भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहायचे, पण चेहऱ्यावर समाधान असायचं.

त्यांचं एक पालुपद होतं. "आधी तपासा, मग भरवसा." मंजिरीने दिलेला चिवडा त्यांनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा एकेक जिन्नस बाजूला काढून विचारलं, हे काय, हे काय. दाणा पास झाला, डाळं पास झालं, कढीपत्ता बराच वेळ उजेडात धरला गेला. सगळं पास झाल्यावर मात्र त्यांनी वाटी संपवली आणि घरी न्यायला डबा मागितला. विजेला भीत, विमानाला भीत, मांजराच्या केसांना भीत. आम्ही त्यांची खूप चेष्टा करायचो आणि त्यांना ती चालायची. भित्रा म्हटलेलं त्यांना कधी लागलं नाही. ते म्हणायचे, मी भितो म्हणूनच माझ्या लिफ्ट पडल्या नाहीत.

आमची मुलगी ईरा त्यांना काका म्हणायला लागली. आपल्याकडे पिकलेल्या केसांचा प्रत्येक माणूस काका असतो, हे तिला आम्हीच शिकवलेलं. त्यांना वाटलं हा एखादा हुद्दा आहे. मला बाजूला घेऊन विचारलं, "काका व्हायला काय लागतं? रक्ताचं नातं?"

"छे. वय लागतं फक्त. आणि येणं-जाणं."

"एवढंच? कोण तपासतं?"

"कोणी नाही."

त्यांना ते पटलं नाही, पण आवडलं असावं. पुढे टपालवाल्यालाही ते स्वतःची ओळख वॉल्टरकाका अशी करून द्यायला लागले.

माझं आडनाव बाभूळगावकर. अमेरिकेत या आडनावाचं काय होतं ते सांगायची गरज नाही. ऑफिसात माझा बॉब झालेला आहे आणि मी तो होऊ दिला. या देशात पूर्ण बाभूळगावकर म्हणणारा एकच गोरा माणूस मला भेटला, तो म्हणजे वॉल्टरकाका. अंगणात उभे राहून ते तुकडे पाडून घोकायचे आणि मग एका दमात म्हणायचे. कारण त्यांचं स्वतःचं आडनाव होतं डोर्नेनब्रिंक. लोकांनी त्याचेही जन्मभर हाल केले होते. जर्मनीच्या वायव्येकडच्या शेतीमुलखातलं ते नाव. त्याचा अर्थ काटेरी झुडपांची टेकडी. बाभूळ म्हणजे काटेरी झाड हे मी सांगितलं त्या दिवशी ते इतके खूश झाले की माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. "म्हणजे आपण दोघंही काट्यांचे," म्हणाले.

त्यांची बायको गेल्यावर मात्र हे नावाचं वेड वाढलं. मुलगी हाना ऑस्टिनला नोकरी करत होती, घरात ते एकटेच. दिवसभर कॉम्प्युटरवर बसून अमेरिकेत आणखी कुठे डोर्नेनब्रिंक आहे का ते शोधायचे. श्मिट शोधायला गेलं तर ढिगाने सापडतात, डोर्नेनब्रिंक सापडेना. आडनाव किती दुर्मीळ आहे याचा त्यांना आधी अभिमान वाटायचा, मग हळूहळू भीती वाटायला लागली. हाना लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावत होती. "माझ्यानंतर या देशात हे नाव संपलं," असं ते म्हणायचे, आणि त्यांचा आवाज इतका बारीक व्हायचा की मला कुंपणावर वाकून ऐकावं लागायचं.

आणि एके दिवशी ते कुंपणापाशी धावत आले. हो, धावत. नेब्रास्कात एक सापडला होता. अर्ल डोर्नेनब्रिंक. एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात होता, बायको मार्था जवळच राहत होती. काका मार्थाशी फोनवर बोललेही होते. "इतकं दुर्मीळ नाव. म्हणजे रक्त एकच. मला भाऊ मिळाला, बाभूळगावकर!" विमानाचा प्रश्नच नव्हता आणि एवढं अंतर एकट्याने गाडी चालवायला ते घाबरत होते. मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन निघालो. वाटेत मुक्काम केला तिथे त्यांनी खोलीतलं धूर झाला की वाजणारं यंत्र तपासून घेतलं. बाकी सगळा रस्ता ते बालपणीच्या गोष्टी सांगत होते. वडील तरुणपणीच रेल्वेच्या अपघातात गेले, त्यामुळे ते आजोबांच्या शेतावर वाढले. आजोबा चालताना झोकांड्या द्यायचे. लोक म्हणायचे पितो. आजी शपथेवर सांगायची की त्यांनी कधी थेंबाला शिवलेलं नाही. हे सगळं ते हसत सांगत होते.

वृद्धाश्रम दुमजली होता. अर्लची खोली वरच्या मजल्यावर. मार्था आम्हाला लिफ्टकडे घेऊन गेली, काका नेहमीप्रमाणे जिन्याकडे वळले. मी त्यांच्याबरोबर जिन्याने गेलो.

अर्ल माझ्या अंदाजापेक्षा बराच तरुण निघाला. साठीही नसेल. व्हीलचेअरवर बसला होता आणि त्याचं सगळं अंग हलत होतं. थरथर नव्हे. खांदा मध्येच उचलला जायचा, पाय सरकायचा, हात आपोआप वर जाऊन खाली यायचा, तोंड वाकडं व्हायचं. जणू कोणी अदृश्य माणूस त्याला खोडकरपणे ओढत होता. डोळे मात्र स्थिर होते आणि त्या डोळ्यांनी तो काकांकडे बघत होता. मी असं काही आधी पाहिलं नव्हतं. मी टक लावून बघतोय याची मला लाज वाटली.

मार्थाने शांतपणे सांगितलं. रक्तातून उतरणारा आजार आहे. अंगावरचा ताबा जातो, मग बोलणं जातं, मग डोकं. उपाय नाही. अर्लच्या वडिलांना होता, त्यांच्या आईवडिलांपैकी एकाला होता. आजार असलेल्याच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. काहींना चाळिशीत होतो, काहींना अगदी म्हातारपणी. "आधी लोकांना वाटायचं पितात म्हणून झोकांड्या जातात," ती म्हणाली. "आमच्या गावात याला डोर्नेनब्रिंक नाच म्हणतात."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचे पाय तपासायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला होता.

परतीच्या रस्त्यात ते एकदाच म्हणाले, "माझे आजोबा पीत नव्हते." आणि मग थोड्या वेळाने, "हानाला सांगू नकोस."

त्यानंतरचे महिने आठवले की अजून मला कसंतरी होतं. माणूस आयुष्यभर शंभर बारीकसारीक गोष्टींना भीत होता. आता त्या सगळ्या भीती गेल्या. मांजर मांडीवर येऊन बसलं तरी त्यांना कळायचं नाही. एकच भीती उरली आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांत आणून ठेवली होती. कॉफीचा कप भरून ते कठड्यावर हात ठेवून बसायचे आणि कॉफी हलते का ते बघत राहायचे. अंगणातल्या फरशीच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल टाकत चालायचे, तोल जातो का बघायला. एकदा पायरीवर ठेचकाळले, आपण सगळेच ठेचकाळतो तसे. पण त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मी कुंपणावरून उडी मारून गेलो. हाना यायची म्हणाली की काही ना काही सबब सांगून टाळायचे. तिने बघितलं तर तिला कळेल, असं त्यांना वाटायचं. हानाचा मला फोन आला. "माझं काही चुकलंय का? बाबा मला भेटत का नाहीत?" मी सांगितलं, त्यांची तब्येत जरा नरम आहे.

रक्ताच्या एका तपासणीने हो की नाही ते कळलं असतं. मी हे सुचवलं. ज्याने जन्मभर आधी तपासा, मग भरवसा असं म्हटलं, तो माणूस माझ्याकडे पाहत म्हणाला, "लिफ्ट नापास झाली तर ती बंद करता येते. मला कुठे बंद करणार? आणि हानाला?" त्या आजाराचं डॉक्टरी नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यामुळे आमच्या घरातही कोणी घेत नसे.

मंजिरीला राहवत नव्हतं. ती म्हणायची, "अरे, त्यांना घेऊन जा ना लॅबमध्ये. ड्राइव्ह करून ने आणि बसव." पण कोणी कोणाला अशा ठिकाणी बसवू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. उत्तर हो आलं तर त्या गाडीत त्यांच्याशेजारी मी बसलेला असणार होतो.

गणपतीत आम्ही दरवर्षी दीड दिवसाची मूर्ती बसवतो आणि जेवायला माणसं बोलावतो. त्या वर्षी काकांना मी जवळजवळ ओढून आणलं. ते कोपऱ्यात बसले होते, ताटातले मोदक तपासतही नव्हते. जेवायला दुसरे एक बाभूळगावकर आले होते, निवृत्त डॉक्टर, फार पूर्वी इथे आलेले. मी ओळख करून दिली. "काका, हे डॉक्टर बाभूळगावकर."

काकांनी मान वर केली. "तुझे कोण?"

"कोणीच नाही."

"पण नाव तेच आहे."

डॉक्टर हसले. "नाव गावाचं आहे हो. ह्यांचं गाव बाभूळगाव, आमचं पण बाभूळगाव. गाव सोडून बाहेर पडला की बाभूळगावकर. आमच्या गावातून वेगवेगळ्या जातीचे, वेगवेगळ्या घरांचे कितीतरी बाभूळगावकर बाहेर पडले. ब्लड रिलेशन वगैरे काही नाही. कधी कधी तर एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत."

काकांनी हातातला चमचा खाली ठेवला. "म्हणजे नाव माणसाचं नसतं? जागेचं असतं?"

"आमच्याकडे तरी तसंच आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुरण वाढणाऱ्या मंजिरीकडे वळले. काका मात्र माझ्याकडे बघत होते. नेब्रास्काहून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं.

काकांचे पूर्वज जर्मनीतल्या ज्या गावातून आले, तिथले एक निवृत्त शाळामास्तर त्यांना इंटरनेटवर भेटलेले होते. दुसऱ्याच आठवड्यात सकाळी मी काकांना व्हिडिओ कॉल लावून दिला. मंजिरीही येऊन मागे उभी राहिली. मास्तर चष्मा पुसत हळू इंग्रजीत बोलले. काकांनी एकच प्रश्न विचारला. डोर्नेनब्रिंक हे घराण्याचं नाव आहे का?

"नाही," मास्तर म्हणाले. "शेताचं. आमच्या भागात जुनी रीत होती. जो त्या शेतावर राहील त्याला शेताचं नाव. शेताच्या मालकाला मुलगीच असली तर तिच्याशी लग्न करून येणारा स्वतःचं नाव टाकायचा आणि शेताचं लावायचा. घराणं संपलं, शेत परक्या माणसाने घेतलं, तर तोही डोर्नेनब्रिंक व्हायचा. नाव शेत देतं. बाप देत नाही."

"पुरुषांनी नाव बदलायचं?" मंजिरी मागून म्हणाली. "वा! ही रीत आपल्याकडे का नाही आली?"

मी हसलो. काका हसले नाहीत. "त्या शेतावर किती घराणी राहिली?"

"निदान दोन तरी. पहिलं घराणं अमेरिकेला गेलं. मग दुसरं राहायला आलं, त्यांनीही तेच नाव घेतलं आणि त्यांच्यातलेही काही पुढे अमेरिकेला गेले. तुम्ही कुठल्या घराण्यातले हे आता इथे कोणालाच सांगता येणार नाही."

कॉल संपला. मला वाटलं काका आनंदाने उडी मारतील. ते टेबलाची कड धरून बसून राहिले. म्हणाले, "इतके दिवस मला खात्री होती. खात्री झाली की माणूस बसून राहू शकतो. आता कदाचित नसेलही. बाभूळगावकर, हे जास्त वाईट आहे रे." आणि त्यांनी हात माझ्यापुढे धरला. हात थरथरत होता. तो भीतीनेच थरथरत होता हे मला दिसत होतं, पण त्यांना कोण पटवणार?

त्यानंतर काही दिवसांनी हाना न कळवता येऊन थडकली. बाप दार उघडेना म्हणून आमच्याकडे आली. तिला दिवस गेले होते, ते तिला स्वतः सांगायचं होतं. आम्ही काकांना बोलावून घेतलं. तिने सांगितलं तेव्हा ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. हानाचे डोळे भरून आले. आम्ही उगीचच चहाचं काढलं.

आणि त्याच वेळी भोंगा सुरू झाला. बुधवार नव्हता. खिडकीबाहेर आकाश हिरवट पडलं होतं आणि झाडं एकदम गप्प झाली होती. फोनही कर्कश वाजायला लागले. मग वारा आला. काका एका क्षणात पूर्वीचे काका झाले. "जिन्याखाली! सगळे! आत्ता!" ईराला त्यांनी उचललंच. आम्ही पाच जण त्या कपाटाच्या खोलीत, झाडू आणि सूटकेसच्या मध्ये, गुडघे पोटाशी घेऊन बसलो. आमची हेल्मेट तीनच होती. काकांनी ईराला छोटं घातलं, मंजिरीला एक दिलं. स्वतःचं एक त्यांनी केव्हाच आमच्या जिन्याखाली आणून ठेवलं होतं, ते घाईत डोक्यावर चढवलं. तिसरं त्यांनी हानाच्या डोक्यावर घालून पट्टा बांधला. मी उघड्या डोक्याने बसलो.

"काका, युअर हेल्मेट इज बॅकवर्ड्स," ईरा म्हणाली.

कोणी हसलं नाही. वरती छपरावर काहीतरी घासत गेलं. घर करकरलं. दिवे गेले आणि काकांच्या खिशातली बॅटरी लागली. हानाने दोन्ही हात पोटावर धरले होते. काका त्या हातांकडे बघत होते. मग भोंग्याच्या वर आवाज चढवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. अर्ल, नेब्रास्का, झोकांड्या, निम्मी शक्यता. एका दमात, जवळजवळ ओरडत. आपल्याकडे परक्या माणसांसमोर एवढं खाजगी कोणी बोलत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं, पण त्या खोलीत कुठे जाणार?

हानाने बॅटरी त्यांच्या चेहऱ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

"आणि तुम्ही मला सांगितलंही नाही?" तिने त्यांच्या दंडावर मुठीने मारलं. एकदा, पुन्हा एकदा. मग त्याच मुठीने तिने त्यांचा शर्ट धरला आणि वादळ जाईपर्यंत सोडला नाही. वादळाने आमच्या मागच्या गल्लीतली छपरं नेली. आमचं घर वाचलं.

आठवड्याभरातच काकांनी तपासणीला रक्त दिलं. निकाल फोनवर सांगत नाहीत, समोर बसवून सांगतात. त्या दिवशी मी गाडी चालवत होतो, मागे हाना. डॉक्टरांचं ऑफिस सहाव्या मजल्यावर. मी आणि हाना लिफ्टने वर गेलो आणि जिन्याच्या दारापाशी उभे राहिलो. काकांची पावलं खालून ऐकू येत होती. मध्येच ती थांबली. हानाने माझा हात धरला. मला वाटलं ते परत फिरले. तिच्या नखांचे वळ माझ्या हातावर उठले. मग पावलं पुन्हा सुरू झाली.

ते आणि हाना आत गेले. मी बाहेर मासिक उलटं धरून बसलो. दार उघडलं तेव्हा हाना रडत होती आणि त्यावरून मला काहीच कळेना. काका सरळ चालत आले, माझ्या शेजारच्या खुर्चीच्या चारही पायांवर दाब दिला आणि बसले.

"पास," ते म्हणाले.

मी उलटं मासिक सरळ करून टेबलावर ठेवलं. मग ते पुढे म्हणाले. "म्हणजे आजोबा पीतच होते! आणि आजी शपथेवर खोटं बोलत होती!" हे म्हणून ते असे हसायला लागले की बाकीचे पेशंट बघायला लागले. हानाही रडत रडत हसत होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मी तरी ती तिथे संपली असं धरून चाललो होतो. गाडीत हाना म्हणाली, "म्हणजे ते आपले कोणी नाहीत. मार्था आणि अर्ल." काकांनी दुरुस्ती केली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या तपासणीवरून ते सांगता येत नाही. नातं असेल आणि आजार आला नसेल, किंवा नातंच नसेल. "कसंही असो. आता त्या माणसांना विसरा, बाबा. प्लीज," हाना म्हणाली. मला तिचं म्हणणं पटलं होतं. इतक्या मोठ्या भीतीतून माणूस सुटल्यावर तिच्या दारात परत कोण जातं?

नातू झाला. त्याचं बारसं आमच्या मंजिरीने अर्धं मराठी पद्धतीने केलं. आणि त्यानंतर लवकरच काका कुंपणापाशी आले. "रजा मिळेल का? नेब्रास्काला जायचंय."

"कशाला? ते तुमचे कोण लागतात हेही माहीत नाही."

"तू माझा कोण लागतोस?" त्यांनी विचारलं. मी रजा टाकली.

अर्ल खूप उतरला होता. बोलणं जवळजवळ गेलं होतं. काका जिन्याने वर गेले, त्याच्याजवळ बसले, मार्थाकडून चमचा घेऊन त्याला भरवायला लागले. चमचा तोंडाशी नेला की अर्लची मान भलतीकडेच जायची. काका वाट बघायचे. मान परत आली की पुन्हा न्यायचे. अर्लचा हात उडून त्यांच्या गालावर लागला, तेव्हा ते घाबरले. मला दिसलं. तपासणी पास झाली म्हणून त्या हलणाऱ्या हाताची भीती गेली नव्हती. पण त्यांनी तो हात धरला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवून घेतला. तो तिथेही हलत होता.

आश्रमातली नवी परिचारिका आली. "तुम्ही नातेवाईक का?"

"डोर्नेनब्रिंक," काका म्हणाले. तिला तेवढं पुरलं.

बाहेर ऊन चांगलं पडलं होतं. अर्लने खिडकीकडे मान वळवली, एकदा, पुन्हा एकदा, त्याला जमेल तशी. मार्था म्हणाली, त्याला अंगणात जायचंय. परिचारिकेला दुसऱ्या खोलीतून बोलावणं आलं आणि मार्थाचा खांदा दुखावलेला होता. मी पुढे झालो, पण अर्लने काकांची बाही पकडली होती. त्या बोटांमध्ये कितीही धडपड असली तरी ती बाही सुटत नव्हती. खुर्ची जिन्याने नेता येत नाही.

काकांनी खुर्ची ढकलत लिफ्टपाशी आणली. दार उघडलं. ते आत डोकावले. छताकडे पाहिलं, दाराची फट बोटाने चाचपली, भिंतीवरच्या पाटीवर शेवटची तपासणी कधी झाली ते वाचलं. कपाळावर घाम आला होता. मी म्हणालो, "काका, मी नेतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "अर्ल," ते म्हणाले, "मला फार भीती वाटते. तू धरून ठेव."

आणि ते खुर्चीमागून आत गेले. ती माझी त्यांच्याशी शेवटची भेट ठरली. मला त्याच दिवशी परत निघावं लागलं. ते अर्लपाशीच थांबले, त्या गावात खोली घेऊन राहिले आणि तिथेच झोपेत शांतपणे गेले. मला मात्र ते आठवतात ते दार बंद होताना. एका हाताने लिफ्टची कड घट्ट पकडलेली, डोळे मिटलेले, आणि दुसऱ्या हाताची बाही अर्लने धरून ठेवलेली.

मग दार लागलं आणि लिफ्ट खाली गेली.